दहावीनंतर शाळेचा हात सुटतो, तिथून पुढे वस्तीतल्या मुलांना कॉलेजात कसं टिकवायचं?

शाळेतलीबाई

नमस्कार मंडळी. मी मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात माध्यमिक शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर दोन वर्ग उघडे ठेवून आम्ही काही जण अभ्यासिका चालवतो. मुलं शिवाजीनगर, बैंगनवाडी, लल्लूभाई कंपाउंड या भागांतली. कुणाचे वडील रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर उभे राहतात, कुणाची आई चेंबूरला चार घरची धुणीभांडी करते. घरात एकच खोली, त्यामुळे रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालू ठेवायचा याचाही निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावा लागतो.

दहावीचा निकाल लागला की शाळेत पेढे वाटले जातात, फळ्यावर नावं लागतात, नगरसेवक येऊन सत्कार करतात. मग मूल दाखला घेऊन जातं आणि आमच्या पटावरून त्याचं नाव उतरतं. कॉलेजच्या पटावर ते चढेपर्यंत त्याची जबाबदारी कागदोपत्री कुणावरच नसते. चढल्यावरही कॉलेजात ते एकशेवीस जणांच्या तुकडीतला एक क्रमांक असतं.

इतकी वर्षं शिकवून माझं ठाम मत झालंय की मार्कांमुळे गळणारी मुलं थोडी. पास झालेली, शिकायची इच्छा असलेली मुलं गळतात ती तारीख चुकली, कागद नव्हता, फी भरायला चार दिवस कमी पडले अशा कारणांनी. त्या वेळी माहीतगार मोठं माणूस शेजारी असलं तर ती गळत नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं की दहावीच्या निकालावर थांबायचं नाही, पदवीचं पहिलं वर्ष पार पडेपर्यंत मुलामागे राहायचं.

अकरावीच्या प्रवेशाचंच बघा. केंद्रीय ऑनलाइन पद्धत पूर्वी मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती इथे होती, २०२५-२६ पासून ती राज्यभर आहे. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आमची मुलं मित्रांचं बघून पहिल्या जागी गाजलेलं कॉलेज टाकतात. ते लागत नाही. किंवा लागतं, आणि मग कळतं की ती तुकडी विनाअनुदानित आहे आणि फी आवाक्याबाहेर. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असतात, त्यांचे कोड वेगळे असतात, फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हे पंधरा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? सायबर कॅफेवाला तर नाहीच सांगणार, तो अर्जामागे पैसे घेऊन पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो.

शिवाय इनहाउस कोटा. ज्या शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज आहे तिथल्या मुलांना त्यात राखीव जागा मिळतात. पालिकेच्या बहुतेक माध्यमिक शाळा दहावीला संपतात, त्यामुळे आमच्या मुलांना हा दरवाजाच नाही.

आम्ही निकालानंतर पालक आणि मूल दोघांना बोलावतो आणि अर्ज समोर बसून भरतो. गेल्या वर्षीचा कटऑफ, अनुदानित की नाही, माध्यम, आणि घरापासून किती गाड्या बदलाव्या लागतात या चार गोष्टी वहीत लिहून मगच पसंतीक्रम ठरवतो. मुलींच्या बाबतीत चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरते. दोनदा गाडी बदलावी लागणारं कॉलेज घरचे जूनमध्ये मान्य करतात आणि दिवाळीत बंद करतात.

तुमच्याकडे काय करता ते लिहा. विशेषतः अकरावी सायन्सला मराठी-उर्दू माध्यमातली मुलं पहिल्या चाचणीत कोलमडतात, त्यावर कुणी काही केलंय का?

---

हडपसरकर

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार, ताई. आम्ही पुण्यात जनता वसाहतीत शनिवार-रविवार शिकवतो. सगळे नोकरदार, शिक्षक कुणीच नाही.

भाषेचं आम्ही एक केलं आणि त्याचा उपयोग झाला. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ पूर्ण रिकामा जातो. त्या काळात आम्ही अकरावीचं काहीच शिकवत नाही. नववी-दहावीचंच विज्ञान आणि गणित इंग्रजी पुस्तकातून पुन्हा वाचतो. त्वरण, अपवर्तन, संयुजा मुलांना समजलेलं असतंच, फक्त इंग्रजी नाव नवं असतं. समजलेल्या गोष्टीला नवं नाव चिकटवणं सोपं जातं. नवी गोष्ट नव्या भाषेत एकदम आली तर मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं मूल वर्गात दिसत नाही.

दुसरं म्हणजे तोंडी सराव. उत्तर येत असतं, पण इंग्रजीत वाक्य जुळवता येत नाही म्हणून प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत मार्क जातात. आम्ही जोड्या करून एकमेकांना प्रश्न विचारायला लावतो. चुकलेलं इंग्रजी त्या वेळी सुधारत नाही.

आणि कॉमर्स-आर्ट्सला मराठीतून पेपर लिहिता येतो हेच बऱ्याच मुलांना माहीत नसतं. फक्त इंग्रजीच्या भीतीने कॉलेज टाळणारी मुलं आहेत, त्यांना हे आधी सांगा.

---

खिडकी_नंबर_३

मी एका ज्युनियर-सिनियर कॉलेजात कार्यालयात आहे. प्रवेशाच्या खिडकीवर बरीच वर्षं काढलीत, म्हणून कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो. शिक्षकांनी हे नववीतच वाचावं अशी विनंती.

नववीच्या दिवाळीआधी प्रत्येक मुलाचं जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या मुख्य नोंदवहीतलं) नाव, आधारवरचं नाव आणि आईवडिलांची नावं शेजारी ठेवून तपासा. जन्मतारीखही. शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्तीला रस्ता आहे, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट (मुलांच्या तपशिलांची कच्ची यादी) येते, ती मुलाला स्वतःला वाचायला द्या. वडिलांचं नाव एका कागदावर ‘शेख रफिक’ आणि दुसऱ्यावर ‘रफिक शेख’ असलं तर पुढे प्रत्येक अर्ज तिथे अडतो.

जातीच्या दाखल्याचं दुखणं वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला जास्त येतं, कारण कुटुंब गावाहून आलेलं असतं. पुरावा लागतो तो ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. समजा कुटुंब ७२ च्या दुष्काळात जालन्याहून मुंबईत आलं, आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर मुंबईत बसून काही सापडत नाही. गावी जाऊन आजोबांच्या भावाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक या गावाच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद असं शोधावं लागतं. हे मे महिन्यात गावी गेल्यावर करायचं काम आहे आणि ते दहावीच्या आधीच्या मे महिन्यात व्हायला हवं. वडिलांच्या बाजूच्या कुणाकडे जातवैधता प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालंच समजा. काका, चुलतभाऊ, सगळ्यांना विचारा. अनेकदा एकाच घरात एकाकडे वैधता असते आणि दुसरा भाऊ कोतवाल बुक शोधत फिरत असतो.

सायन्सला गेलेल्या राखीव प्रवर्गातल्या मुलाने वैधतेचा अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह करावा. बारावीच्या निकालानंतर जात पडताळणी समितीपुढे रांग लागते आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाची जागा तेवढा वेळ थांबत नाही.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. जानेवारीत काढलेला दाखला जुलैत चालत नाही, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढायचा.

महाडीबीटीचं, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन पोर्टलचं, शेवटी लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात जाते. खाती दोन असतील तर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने मुलाचं पेमेंट बँकेतलं खातं उघडून आधार तिथे जोडलेला असतो, मुलाला पत्ताही नसतो. पैसे तिकडे पडून राहतात आणि घरचे म्हणतात शिष्यवृत्ती आलीच नाही. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठे आहे ते विचारायला लावा. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला येतो आणि आम्ही पुढे पाठवल्याशिवाय हलत नाही. मुलांनी दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती बघावी आणि खिडकीवर येऊन विचारावं. विचारणाऱ्याचं काम आधी होतं ही वस्तुस्थिती आहे. ती बदलायला हवी, पण तोवर मुलाला विचारायला शिकवा.

---

शाळेतलीबाई

दादा, हे छापून शिक्षक खोलीत लावते. पेमेंट खात्याचं आमच्या तीन मुलींच्या बाबतीत तंतोतंत घडलंय, कारण आत्ता कळलं.

---

स्पष्ट_बोलतो

चर्चा चांगली आहे, पण एक प्रश्न विचारतो. सगळ्यांना पदवीकडे ढकलायचं का? आमच्या भागात बीकॉम झालेली मुलं पार्सल पोचवतात आणि आयटीआयचा फिटर, वायरमन घर चालवतो. गरीब घरातल्या मुलाची पाच वर्षं म्हणजे घराची पाच वर्षांची कमाई. ती मागताना आपण त्या बदल्यात काय देणार हे सांगायला नको का?

---

हडपसरकर

प्रश्न रास्त आहे आणि पालकही तोच विचारतात. आमचं उत्तर असं की निवड मुलाची असावी, आणि निवड होण्यासाठी दोन्ही रस्ते त्याला दिसायला हवेत. आयटीआय हा शेवट नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविका झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीनंतर पॉलिटेक्निक हा तर कमवायची घाई असलेल्या हुशार मुलांसाठी फार चांगला मार्ग आहे. तीन वर्षांत हातात काहीतरी असतं आणि पुढचं दारही उघडं राहतं.

पण एक निरीक्षण सांगतो. ‘सगळ्यांनी पदवी कशाला करायची’ हा प्रश्न आपण वस्तीतल्या मुलांबद्दलच विचारतो. आपल्या सोसायटीतल्या पंचावन्न टक्केवाल्या मुलाबद्दल कुणी विचारत नाही. २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीनुसार देशात उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत) २८.४ टक्के होतं. बाहेर राहणारी मुलं कुठल्या घरांतली आहेत ते आपल्याला ठाऊक आहे.

---

स्पष्ट_बोलतो

पटलं. पॉलिटेक्निकची तारीख अकरावीच्या आसपासच असते ना? मग दोन्ही अर्ज सोबत भरायला लावा. आमच्याकडे अकरावीला प्रवेश झाला म्हणून मुलं तिकडे बघतच नाहीत.

---

दिवसा_काम_रात्री_शाळा

बऱ्याच वर्षांपासून वाचनमात्र होतो, आज लिहितो.

मी रात्रशाळेत दहावी केली. दिवसा धारावीत बॅगा शिवणाऱ्या कारखान्यात होतो. साडेसहाला शाळा, साडेनऊला सुटायची. येताना पोटात वडापाव नसेल तर गणिताच्या तासाला झोप लागायची, हे आमचे सर ओळखून होते. मुंबईत ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करते, त्यांनी खाऊ, पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य यांच्याकडे लक्ष दिलं. बाहेरच्यांना खाऊ ही छोटी गोष्ट वाटेल. आमच्या वर्गात त्यावर हजेरी ठरायची.

दहावीला मला ५८ टक्के मिळाले. सरांनी निकाल बघून शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात आले. शेटशी बोलले. मला सोडा असं म्हणाले नाहीत, कारण माझ्या पगारावर घर चालायचं हे त्यांना माहीत होतं. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी आणि संध्याकाळी सहाला मोकळं करायचं, एवढंच मागितलं. शेट मान्य झाले. मी स्वतः मागितलं असतं तर काम गेलं असतं. पुढे रात्रीचं ज्युनियर कॉलेज, मग सकाळच्या सत्रात बीकॉम, मग एमकॉम. आता एका सहकारी पतपेढीत आहे.

नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचं कॉलेज ही सोय आपल्याकडे जुनी आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा कामावर जाणाऱ्या मुलांना सकाळी शिकता यावं हा विचार त्यात होता. आज मुलाला कॉलेज सुचवताना लेक्चरची वेळ कुणी बघत नाही. माझी विनंती आहे की ताईंनी वहीत पाचवी गोष्ट लिहावी: वर्ग किती वाजता सुटतो.

आणखी एक. एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, माझा एक विषय राहिला तेव्हा मला वाटलं शिक्षण संपलं. एटीकेटी म्हणजे काय, विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार? नापास म्हणजे घरी, इतकंच ठाऊक होतं. सरांना फोन केला, त्यांनी अर्ज कुठे मिळतो ते सांगितलं. माझ्याबरोबरचे दोघे त्याच निकालाला कॉलेज सोडून गेले. त्यांच्याकडे फोन करायला कुणी नव्हतं. मुलांना जूनमध्येच सांगून ठेवा की असं होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं.

---

विदर्भकन्या

वरचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. दादा, लिहीत राहा.

नागपूरहून एक मुद्दा मांडते. वसतिगृह आणि स्वाधार या दोन्ही योजनांत शहरातली गरीब मुलं बाहेर राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत. पण अट अशी की विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा. गावाहून आलेल्या मुलासाठी हे योग्यच आहे. मात्र इथल्याच वस्तीत सहा माणसांच्या एका खोलीत राहणारी मुलगी स्थानिक ठरते आणि तिला काहीच मिळत नाही. तिच्या घराला पत्ता आहे, अभ्यासाला जागा नाही.

म्हणून शहरात अभ्यासिका हाच वसतिगृहाचा पर्याय आहे आणि ती रात्री उशिरापर्यंत चालायला हवी. आमच्या भागात बुद्धविहारात चालते. मुलींना घरी सोडायला बायकांचा एक गट आलटून पालटून येतो. त्या आल्या म्हणून मुली आल्या, नाहीतर अभ्यासिकेत फक्त मुलगेच असायचे. ताई, तुमच्या वर्गांत मुली किती वाजेपर्यंत थांबतात?

---

शाळेतलीबाई

आठपर्यंतच. सोडायला बायकांचा गट ही कल्पना आमच्या बचत गटातल्या मावश्यांपुढे ठेवते.

रेल्वे पासचं पण इथे लिहून ठेवते. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. कॉलेजकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. आमच्या मुली अर्ध्या दराचा पास काढत होत्या.

---

हडपसरकर

आता पैशांबद्दल. शिष्यवृत्ती मिळते पण उशिरा मिळते, फी मात्र प्रवेशाच्या दिवशी मागतात. ती दरी भरायला आम्ही फिरता निधी केलाय. मुलाला रक्कम बिनव्याजी द्यायची, शिष्यवृत्ती आली की परत. लेखी काही नाही, एका वहीत नोंद. नोकरीला लागलेली जुनी मुलं आता त्यात दर महिन्याला टाकतात. कर्ज काढून फी भरणाऱ्या आया कमी झाल्या, त्यातही बचत गटाबाहेरच्या सावकाराकडून घेणाऱ्या.

आणि बारावीच्या मुलांसाठी वेगळी सूचना: सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षांचे, फॉर्म बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच सुटतात. आमची मुलं म्हणतात निकाल लागू दे, मग बघू. तोवर सगळं संपलेलं असतं. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीएलाही सीईटी आहे आणि त्या वर्षी ही बातमी वस्तीपर्यंत पोचलीच नव्हती. आम्ही आता डिसेंबरमध्ये एक पूर्ण रविवार फक्त फॉर्मसाठी ठेवतो. लॉ, नर्सिंग, इंजिनिअरिंग, फार्मसी, सगळ्यांच्या तारखा भिंतीवर लावतो.

अजून एक, जरा कळकळीने. मदत करताना मुलांचे फोटो समूहांवर टाकू नका. चेक हातात घेऊन उभी असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच कॉलेजात वर्गात बसणार असते.

---

विदर्भकन्या

फोटोंबद्दल शंभर टक्के अनुमोदन. देणगीदार मागतात तेव्हा आम्ही अभ्यासिकेचा रिकामा हॉल आणि हिशेबाचं पान पाठवतो. एकानेही देणगी थांबवली नाही.

---

शाळेतलीबाई

खिडकी_नंबर_३ दादा, एक अडलेलं प्रकरण विचारते. मुलगी बारावी सायन्सला आहे, फार्मसी करायचं म्हणते. आईवडील उत्तर प्रदेशातले, तिच्या जन्माच्या आधी मुंबईत आले. जातीचा दाखला इथला मिळत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला) मिळेल का? वडील म्हणतात, बीए कर, फी झेपणार नाही.

---

खिडकी_नंबर_३

राज्याच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. पण वडिलांना लगेच सांगा की फीचा प्रश्न सुटू शकतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते, आधी निम्मी होती. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. हे अधोरेखित करून सांगा, कारण फेरीच्या शेवटी कोट्यातली जागा दाखवणारे दलाल फोन करतात.

तिला लागेल ते डोमिसाइल (अधिवास दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला. डोमिसाइलला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात: मुलीचा जन्मदाखला, पहिलीपासूनची शाळेतली नोंद, आईवडिलांचं जुनं रेशन कार्ड, लाइटबिल. जन्म इथला आहे का ते आधी बघा. आत्ताच अर्ज करा, प्रवेशाच्या महिन्यात सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

---

शाळेतलीबाई

जन्म मुंबईतलाच आहे आणि पहिलीपासून आमच्याच पालिकेच्या शाळेत होती, नोंद मी काढून देते. सोमवारी वडिलांना कामावर जायच्या आधी, सकाळी सातला बोलावलंय. सीईटीचा फॉर्म त्यांच्यासमोरच भरू.